सिगारेट रस्त्यावर, व्हेप कपाटात

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेड्युना गावातून पश्चिमेकडे निघालं की पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्समनपर्यंत साधारण १,२०० किलोमीटरचा रस्ता आहे. एडवर्ड एअर या शोधयात्रीच्या नावाचा हा महामार्ग नलारबॉरच्या सपाट माळाच्या कडेने जातो. मधे गाव म्हणावं असं जवळजवळ काही नाही. बऱ्याच अंतराने एखादं रोडहाउस लागतं. तिथे पेट्रोल मिळतं, बर्गर मिळतो, रात्र काढायला खोली मिळते, आणि गल्ल्यामागच्या बंद कपाटात सिगारेटची पाकिटंही असतात. वयाचा पुरावा दाखवला, पैसे मोजले की पाकीट हातात. याच रस्त्यावर कुणाला निकोटीनचं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, हवं असेल, तर ते कायदेशीरपणे विकत घेण्याची एकही जागा नाही. ऑस्ट्रेलियात व्हेप फक्त फार्मसीत विकता येतं, आणि या पट्ट्यात फार्मसीच नाही.

ज्या माणसाने सिगारेट सोडण्यासाठी व्हेप धरलं आणि जो आता हा देश गाडीने बघायला निघाला आहे, त्याचं या रस्त्यावर काय होईल? पॉड, म्हणजे निकोटीनचा द्रव भरलेल्या डब्या, संपले, उपकरण बिघडलं, पाण्यात पडलं, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. तलफ दाबून पुढचं गाव गाठायचं, नाहीतर पुढच्या रोडहाउसवर सिगारेटचं पाकीट फोडायचं. निकोटीनची तलफ काय असते हे ज्याने घरात कुणाचं तरी पाहिलं आहे, त्याला यातली कुठली वाट जास्त वेळा धरली जाईल हे सांगायला नको.

व्हेप निरुपद्रवी आहे असं मी मानत नाही. माझ्या घरात ते कुणी ओढू नये असंच मला वाटतं. पण जी वस्तू जास्त माणसं मारते ती मिळायला जास्त अवघड असावी, एवढी साधी अपेक्षा तंबाखूविषयीच्या कुठल्याही कायद्याकडून असायला हवी. ऑस्ट्रेलियात आज नेमकं याच्या उलट घडतं आहे. इथे राहणाऱ्याच्या ते लवकर लक्षात येत नाही, कारण त्याला आपली फार्मसी माहीत असते, आपले डॉक्टर असतात, आणि खरं सांगायचं तर चोरून विकणारं दुकानही माहीत असतं. प्रवाशाजवळ यातलं काहीच नसतं. त्याला कायदा जसा लिहिला आहे तसाच भेटतो, म्हणून या प्रश्नाकडे प्रवाशाच्या बाजूने बघावं असं मला वाटतं.

आधी कायद्याची चांगली बाजू, कारण ती खरोखर चांगली आहे. ऑक्टोबर २०२१ पासून इथे निकोटीनचं व्हेप डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेता येत नव्हतं. प्रत्यक्षात मात्र कोपऱ्यावरच्या दुकानांत ते चॉकलेटच्या बरोबरीने विकलं जात होतं. आरोग्यमंत्री मार्क बटलर यांनी २०२३ मध्ये हे मोडून काढायचं ठरवलं. १ जानेवारी २०२४ पासून वापरून फेकायच्या व्हेपची आयात बंद झाली. मार्चपासून परवान्याशिवाय कुठलंच व्हेप देशात आणता येईना. आणि १ जुलै २०२४ पासून निकोटीन असो वा नसो, फार्मसीबाहेर व्हेप विकणं गुन्हा ठरलं. विक्रेत्याला आणि आयात करणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पण स्वतःपुरतं व्हेप बाळगणाऱ्या माणसाला या कायद्याने गुन्हेगार केलेलं नाही. धंदा करणाऱ्याला धरायचं आणि व्यसन लागलेल्याला उपचाराच्या दाराशी न्यायचं, हा त्यामागचा विचार. तो मला मनापासून पटतो.

प्रवाशाच्या बाबतीतही कायदा विमानतळावर उदारच आहे. बाहेरून येणाऱ्याला स्वतःच्या वापरासाठी २ व्हेप, पॉड वगैरे धरून २० सुटे भाग आणि २०० मिलिलिटर द्रव आणता येतो. तो स्वतःच्या सामानात, स्वतःबरोबर आणावा लागतो. मागून पोस्टाने किंवा कुरियरने मागवलेलं चालत नाही. २०० मिलिलिटर म्हणजे बऱ्याच जणांना दोन-तीन महिने सहज पुरेल एवढा साठा. त्याच माणसाला सिगारेट मात्र करमुक्त आणायची तर एक न फोडलेलं २५ सिगारेटचं पाकीट आणि एक उघडलेलं, एवढीच मुभा. म्हणजे देशाच्या दारावर उतरंड बरोबर लावलेली आहे: सिगारेटला हात आखडता, व्हेपला सैल. ती आत आल्यावर उलटते.

हे सगळं भारताबाहेरून येणाऱ्या मराठी माणसाबद्दल. मुंबईहून किंवा पुण्याहून निघणाऱ्याला ही सवलत उपयोगाचीच नाही. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून आणि मग कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळंच बंद केलं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. आपल्याकडच्या विमानांत व्हेप हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इन केलेल्या सामानातही नाही. सिंगापूरमार्गे येणाऱ्यांनी आणखी जपायला हवं. तिथे फेब्रुवारी २०१८ पासून व्हेप नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि २०२५ मध्ये शिक्षा आणखी कडक झाल्या. म्हणून व्हेप घेऊन इथे उतरणारा मराठी माणूस बहुधा दुबईहून, लंडनहून किंवा न्यूझीलंडहून आलेला असतो.

माझा भाचा तसा दुबईहून आला होता. कॉलेजात पुण्यात सिगारेट लागली, नोकरीत वाढली, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने ती सोडून व्हेप धरलं. आल्यावर काही दिवसांतच त्याचे पॉड गळायला लागले आणि द्रव बॅगेतच सांडून गेला. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. जवळच्या फार्मसीत गेलो तर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की आम्ही हे ठेवत नाही. पुढच्या फार्मसीत मागवावं लागेल म्हणाले, एक-दोन दिवस लागतील. शेवटी एका ठिकाणी मिळालं. तिथल्या फार्मासिस्टने त्याला फ्लूची लस टोचतात त्या छोट्या खोलीत नेलं. पासपोर्ट बघितला. पूर्वी दिवसाला किती सिगारेट ओढायचास, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली लागायची, हृदयाचा काही त्रास, चालू औषधं, हे सगळं शांतपणे विचारलं. मग विचारलं, हेही सोडायचं ठरवलं आहेस का, आणि कधी? जाताना क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, नंबर लिहून दिला. साध्या पांढऱ्या खोक्यात, तंबाखूच्या चवीचे पॉड. मिंट, मेंथॉल आणि तंबाखू याखेरीज दुसरी चवच मिळत नाही.

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "मावशी, दहा वर्षं सिगारेट ओढली. पाकीट घेताना एकदाही कुणी विचारलं नाही की तुझ्या हृदयाला काही त्रास आहे का."

त्या क्षणी मला या सगळ्या प्रश्नाची दिशा दिसली. त्या खोलीतली दहा मिनिटं वाईट नव्हती. उलट तंबाखूच्या व्यसनात अडकलेल्या प्रत्येकाला मिळायला हवी अशी ती दहा मिनिटं होती. अन्याय एवढाच की ती फक्त व्हेप घेणाऱ्याच्या वाट्याला येतात. त्याच फार्मसीच्या शेजारी सुपरमार्केट आहे. तिथे सिगारेट घेणाऱ्याला वय सोडून काहीही विचारत नाहीत.

फार्मसीची ही व्यवस्था घाईत उभी राहिली हेही विसरता येत नाही. सरकारला मूळ हवी होती डॉक्टरची चिठ्ठी. सिनेटमध्ये ग्रीन्स पक्षाचा पाठिंबा मिळावा म्हणून जून २०२४ मध्ये तडजोड झाली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून १८ वर्षांवरच्या माणसाला फार्मासिस्टशी बोलून, चिठ्ठीशिवाय, महिन्याभराचा साठा घेता येईल असं ठरलं. निकोटीनचं प्रमाण मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंतच. त्याहून तीव्र हवं तर चिठ्ठी लागतेच. फार्मसीवाल्यांच्या संघटनेने याला उघड विरोध केला. आम्ही आरोग्य सांभाळणारे लोक, आम्हाला व्हेपची दुकानं करू नका, असा त्यांचा सूर होता. अनेक फार्मसींनी माल ठेवायलाच नकार दिला. त्यातच पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या राज्यांनी तेव्हा चिठ्ठीची अट कायम ठेवली. म्हणजे त्या नलारबॉरच्या रस्त्यावर राज्याची सीमा ओलांडली की नियमही बदलतो, आणि प्रवाशाने तिथे डॉक्टर शोधायचा.

फार्मासिस्टांचा राग मला समजतो. पण त्यांनी व्हेप ठेवलं नाही म्हणून ते ओढायचं कुणी थांबलेलं नाही. माणूस फक्त दुसऱ्या दुकानात जातो.

ते दुसरं दुकान ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याही शहरात दिसतं. काचा रंगीत कागदाने झाकलेल्या, आत थोडी थंड पेयं, थोड्या गोळ्या, मोबाइलची कव्हरं. पाटीवर तंबाखूचं किंवा भेटवस्तूंचं दुकान असं लिहिलेलं. फार्मसी बंद झाल्यावरही रात्री उशिरापर्यंत उघडं. मागितलं की काउंटरखालून आंब्याच्या, टरबुजाच्या चवीचं चिनी व्हेप निघतं. आत काय भरलं आहे, निकोटीन किती, हे खोक्यावर लिहिलेलं असतं तसंच असेल याची कुणी खात्री देऊ शकत नाही. प्रवाशाला हॉटेलातला, कॅफेतला कुणीतरी याच दुकानाची वाट दाखवतो, कारण ती जवळची असते. जानेवारी २०२४ पासून सीमेवर आणि दुकानांतून जप्त झालेल्या व्हेपची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. एवढं पकडलं जातं म्हणजे न पकडलेलं किती येत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

या दुकानांच्या पाठीमागे सिगारेटचीच गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियाने सिगारेटवर कर वाढवत वाढवत आता एका सिगारेटला दीड डॉलरच्या आसपास नेला आहे. वीसचं कायदेशीर पाकीट चाळीस डॉलरच्या घरात, म्हणजे दोन हजार रुपयांहून जास्त. या करवाढीने आणि डिसेंबर २०१२ मध्ये जगात पहिल्यांदा आणलेल्या एकसारख्या मळकट रंगाच्या वेष्टनाने लाखो लोकांची सिगारेट सुटली, हे यश मान्यच करायला हवं. रोज ओढणाऱ्यांचं प्रमाण २०१९ मध्ये ११ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये ८.३ टक्क्यांवर आलं. पण कर एवढा वर गेल्यावर चोरट्या मालात अफाट नफा दिसू लागला. त्या नफ्यावर टोळ्या आल्या, आणि चोरट्या सिगारेटच्या वाटेनेच व्हेपही आलं. २०२३ पासून व्हिक्टोरियात तंबाखूची शंभराहून जास्त दुकानं आणि संबंधित जागा जाळण्यात आल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नच्या ट्रुगनिना भागात एका घराला आग लावली गेली आणि त्यात एका तरुणीचा जीव गेला. तिचा या धंद्याशी काही संबंध नव्हता. हल्लेखोरांनी चुकीचं घर गाठलं असं पोलिसांचं म्हणणं. ट्रुगनिना, टार्नीट, पॉइंट कुक या पट्ट्यात आपली किती मराठी कुटुंबं राहतात हे इथल्यांना सांगायला नको. ती बातमी आमच्या घरांत किती जवळून ऐकली गेली, हेही.

आणि त्या दुकानांच्या गल्ल्यावर कोण उभं असतं? बऱ्याचदा शिकायला आलेली मुलं. त्यांत भारतीय आहेत, मराठीही आहेत. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. भाडं, फी, किराणा यांत ते तास पुरत नाहीत, तेव्हा रोख पैसे देणारं दुकान सोयीचं वाटतं. मालकाचं नाव मुलाला धड माहीत नसतं. पण तपासणीला अधिकारी आले तर समोर सापडतो तो हा मुलगा. खंडणीवाले आले तरी समोर तोच. आणि व्हेप विकल्याचा गुन्हा सिद्ध होऊन बारा महिने किंवा जास्त शिक्षा झाली, तर स्थलांतर कायद्यातल्या चारित्र्याच्या अटीत त्याचा व्हिसा अडकतो. घरच्यांनी शिक्षणासाठी कर्ज काढून पाठवलेल्या पोराचं आयुष्य आंब्याच्या चवीच्या एका व्हेपपायी उधळलं जाऊ शकतं. इथल्या मराठी मंडळांनी नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या कार्यक्रमात ही गोष्ट स्पष्ट सांगायला हवी असं मला फार तळमळीने वाटतं. गणपतीच्या वर्गणीच्या आधी हे सांगा.

आता विरुद्ध बाजू, आणि ती किरकोळ नाही. लोक म्हणतील, एवढा त्रास होत असेल तर होऊ द्या, पण पोरं वाचली पाहिजेत. यातली भीती खरी आहे. देशात व्हेप ओढणाऱ्यांचं प्रमाण २०१९ मध्ये २.५ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये ७ टक्क्यांवर गेलं. १८ ते २४ वयोगटात तर साधारण पाचातला एक. बारा ते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांतल्या सुमारे तीस टक्क्यांनी कधी ना कधी व्हेप ओढून पाहिलं होतं. ही मुलं सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे आलेली नव्हती. त्यांतल्या बहुतेकांनी त्याआधी सिगारेटला हात लावलेला नव्हता. बबलगमच्या चवीने आणि पेन ड्राइव्हसारख्या चकचकीत आकाराने त्यांना गाठलं. शाळांतल्या मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहांत काय चाललं आहे याच्या तक्रारी मुख्याध्यापक करत होते. या परिस्थितीत सरकारने गोड चवी बंद केल्या, फेकाऊ व्हेप बंद केली, दुकानं बंद केली, हे योग्यच झालं. त्यानंतर किशोरवयीन मुलांत व्हेप ओढून पाहण्याचं प्रमाण उतरू लागल्याचं कॅन्सर कौन्सिलच्या पाहण्यांत दिसतं आहे. यातला एकही निर्णय मागे घ्यावा असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच समुद्रापलीकडच्या न्यूझीलंडची वाट मला पूर्ण पटत नाही. तिथे २०२० च्या कायद्यानुसार व्हेप दुकानात विकायला परवानगी आहे. सिगारेट तिथे वेगाने घटली हे खरं. पण आता रोज व्हेप ओढणाऱ्यांचं प्रमाण रोज सिगारेट ओढणाऱ्यांहून जास्त झालं आहे, आणि त्यात तरुण पोरं भरपूर. ब्रिटनने दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना सरकारी खर्चाने व्हेपचे संच देण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर केली. त्याच ब्रिटनला १ जून २०२५ पासून फेकाऊ व्हेपवर बंदी आणावी लागली. सिगारेट सोडायला निकोटीनचं व्हेप हे निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगगमपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असा कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांचा निष्कर्ष आहे, आणि तो मी मानते. पण औषध उपयोगी आहे म्हणून ते पेट्रोल पंपावर विकावं असं कुणी म्हणत नाही.

तर मग सुटका कशात? बहुतेक चर्चा इथे येऊन अडकते, कारण दोन्ही बाजू व्हेपविषयीच बोलतात. ते आणखी मोकळं करा, नाहीतर आणखी आवळा. माझं म्हणणं असं की बोलणं सिगारेटविषयी व्हायला हवं. या देशात तंबाखूने वर्षाला वीस हजारांहून जास्त माणसं मरतात, आणि त्यांतले जवळजवळ सगळे मृत्यू सिगारेटचे आहेत. ती सिगारेट सुपरमार्केटात, पेट्रोल पंपावर, पबमध्ये, रोडहाउसवर विकली जाते. त्या कपाटाला दार बसवलं, पाकिटाचा रंग काढून घेतला, किंमत आभाळाला नेली. पण विकण्याच्या जागा तशाच राहिल्या. व्हेप ज्या काउंटरवर नेलं तिथेच सिगारेटही नेली पाहिजे. फार्मसीत नको असेल तर मोजक्या, सरकारने वेगळा परवाना दिलेल्या जागी न्या. तिथे दोन्ही वस्तू मिळाव्यात, दोन्हींसाठी तीच चौकशी व्हावी, तोच क्विटलाइनचा नंबर हातात पडावा.

हे स्वप्नरंजन आहे असं म्हणणाऱ्यांनी पुन्हा न्यूझीलंडकडेच बघावं. त्या देशाने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा केला होता की सिगारेट विकणारी दुकानं सुमारे ६,००० वरून ६०० वर आणायची. सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, अंमल सुरू होण्याआधीच, तो कायदा रद्द झाला. राजकारणाने तो मारला हे दुःखाचं आहे. पण एका लोकशाही देशाच्या संसदेने तो विचार करून मंजूर केला होता, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

मग नलारबॉरवरच्या माणसाला सिगारेटही मिळणार नाही आणि व्हेपही नाही, असा प्रश्न येईल. येऊ दे. दोन्ही मिळत नसतील तर निदान घातक वस्तूकडे ढकलणारं त्या रस्त्यावर काही उरत नाही. आणि जिथे फार्मसी शंभर शंभर मैल नाही, तिथे निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगगम आजही कुठल्याही दुकानाला विकता येतात. रोडहाउसच्या गल्ल्यामागचं कपाट त्यांनी भरावं. माझा भाचा पुढे ग्रेट ओशन रोडला गेला तेव्हा हीच च्युइंगगमची पाकिटं खिशात ठेवून गेला, कारण किनाऱ्यावरच्या छोट्या गावांतली फार्मसी शनिवारी दुपारीच बंद होते, हे त्याला आम्ही आधीच बजावलं होतं.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहिलं की हीच उलटी उतरंड आणखी ठळक दिसते. भारतात व्हेपवर सरसकट बंदी आहे, पण विडी, सिगारेट आणि तंबाखूची पुडी प्रत्येक टपरीवर आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्येच बंदी घातली, तरी तो कुठल्या गावात मिळत नाही ते सांगा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे तर फार्मासिस्टच्या त्या छोट्या खोलीतली दहा मिनिटंही नाहीत. म्हणून मी ऑस्ट्रेलियावर टीका करते ती त्याला नावं ठेवण्यासाठी नाही. त्याने अर्धं काम नीट केलं आहे. उरलेलं अर्धं त्याने केलं, तर त्याच्याकडे बघून आपल्यालाही काही करता येईल.

तोवर इथे येणाऱ्या नातलगांना आपण निदान खरी माहिती द्यावी. दुबईहून, लंडनहून येत असाल तर ठरलेल्या मर्यादेत सगळं बरोबर आणा, थोडं जास्तीचं धरून, आणि ते कस्टम्सला मोकळेपणाने दाखवा. उपकरण आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा. सिंगापूरमार्गे येऊ नका. जिथे सिगारेट ओढायला मनाई आहे, तिथे व्हेपलाही साधारण तीच मनाई असते. मुलांच्या खेळाच्या जागा, रेल्वे फलाट, समुद्रकिनारे सगळीकडे पाट्या वाचा. मुंबईहून येणार असाल तर येताना काही आणू नका, इथे आल्यावर फार्मसीला फोन करून विचारा की ठेवता का, आणि मगच निघा. काचा झाकलेल्या दुकानात जाऊ नका. तिथल्या काउंटरमागे कदाचित आपल्याच गावचा पोरगा उभा असेल, आणि तुम्ही दिलेले तीस-चाळीस डॉलर ज्यांच्या खिशात जातात ते दुकानं आणि घरं जाळतात.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट आज हाताशी आहे. क्वीन्सलँडने २०२४ मध्ये, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाने २०२५ मध्ये तंबाखू विकायला परवान्याची पद्धत सुरू केली. म्हणजे कोण विकतं याची यादी आता सरकारकडे आहे. त्या यादीचा उपयोग चोरटा माल पकडण्यापुरताच करायचा असं सध्या दिसतं. इथे मतदान करणाऱ्या आपल्या लोकांनी आपल्या आमदाराला एवढं विचारावं की या यादीतली नावं दर वर्षी किती कमी करणार आहात, आणि पेट्रोल पंपांपासून सुरुवात कधी करणार आहात.